शेंदूर पुसणारे गुरुजी

टेंभरे गुरुजींची आणि माझी पहिली भेट गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीच्या शाळेत, नववीच्या वर्गात झाली. इतिहासाचा तास होता आणि धडा दुसऱ्या महायुद्धाचा. आम्ही सनावळ्या घोकून बसलो होतो, कारण इतिहास म्हणजे सनावळ्या एवढेच आम्हाला तोवर ठाऊक होते. गुरुजी आले, त्यांनी पुस्तक टेबलावर पालथे ठेवले आणि पहिल्या बाकापासून एकेकाला विचारत सुटले, "तुझ्या घरी एक माणूस लपवायचा आहे. कुठं लपवशील?"

कोणी म्हणाले तणसाच्या ढिगात, कोणी म्हणाले माळ्यावर. एकाने ढोली सांगितली, म्हणजे धान साठवायची बांबूची कणगी. गुरुजी एवढ्यावर सोडत नव्हते. "किती दिवस लपवशील? जेवण कोण देईल? शेजारीण विचारेल, आज भात जास्त काऊन शिजला, तर काय सांगशील?" मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरी नाही जमत. माही आजी दिवस मावळाच्या आत गावभर सांगून येते." सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. मग त्यांनी सांगितले की त्या युद्धात युरोपात ज्यू लोकांना घराघरांतून हुडकून मारत होते, ते ज्यू होते एवढ्याच कारणासाठी. आणि काही शेजाऱ्यांनी त्यांना खरोखरच असे लपवले होते, कणगीत, गोठ्याच्या फरशीखाली, कोणी दोन-दोन वर्षे. सापडले असते तर लपवणाऱ्याचे घरही गेले असते. 

माझी पाळी आली. मी छाती काढून उभा राहिलो. "लपवालपवी कायले गुरुजी? मी त सरळ दार उघडतो. कोणाच्या बापाले भेत नाही." मी शाबासकीची वाट पाहत होतो. गुरुजी माझ्या बाकापाशी आले.

"तू उघडशील?"

"हो."

"बस खाली."

त्या दोन शब्दांत एवढी चीड होती की मी कित्येक वर्षे मनातल्या मनात गुरुजींशी भांडत राहिलो. माझे काय चुकले होते, ते मला यंदा समजले.

गुरुजींना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून गौरव समितीने मला हा लेख मागितला. तो मी दुसऱ्यांदा लिहीत आहे. पहिला लेख गुरुजींनी परत केला. तो का परत केला ते लिहिल्याशिवाय दुसरा छापायचा नाही, नाहीतर सत्काराला येणार नाही, अशी त्यांची अट आहे. समितीतल्या काही ज्येष्ठांना ही अट रुचलेली नाही. मंगल प्रसंगी असले कशाला, असे त्यांचे म्हणणे. मलाही तसेच वाटत होते, हे कबूल करतो.

गुरुजींचा जन्म गोंदियाजवळच्या कामठ्याचा, पोवार शेतकऱ्याच्या घरातला. आपले पूर्वज माळव्यातून आले हे आमच्या समाजाच्या प्रत्येक मेळाव्यात सांगितले जाते आणि सांगताना तलवारी फार चमकतात. एका मेळाव्यात गुरुजींना बोलायला उभे केले, तेव्हा ते म्हणाले, "माळव्यातून आपण आलो म्हणजे घरदार सोडून आलो. इथं कोणीतरी आपल्याला पहिल्या दिवशी बसू दिलं, पाणी पाजलं. त्याचं नाव कोणाला माहीत आहे का?" कोणालाच माहीत नव्हते. पुढल्या मेळाव्याला गुरुजींना बोलावणे आले नाही, आणि त्याचे त्यांना काही वाटलेही नाही.

तरुणपणी गोंदियाच्या एका वाचनालयात त्यांना एक जुने हिंदी मासिक सापडले. त्यात जेरुसलेमजवळच्या एका डोंगराची माहिती होती. ज्यूंना वाचवणाऱ्या परक्या माणसांसाठी तिथे झाडे लावली आहेत आणि त्यांची नावे लिहून ठेवली आहेत. त्या दिवसापासून गुरुजींनी एक जाड वही सुरू केली. मिळेल तिथून अशा माणसांची हकीकत उतरवून घ्यायची. त्यात कोळी होते, दाया होत्या, मठातल्या जोगिणी होत्या, कचेरीत शिक्के मारणारे कारकून होते. गुरुजींनी उभ्या आयुष्यात एकही ज्यू माणूस पाहिलेला नाही. कोकणात मराठी बोलणारे ज्यू आहेत असे त्यांनीच आम्हाला सांगितले, पण तिकडे जाणे त्यांना कधी झाले नाही. काही लोक विचारत, "गुरुजी, त्या यहुद्यायचं अन् तुमचं नातं काय?" गुरुजी उत्तर देत नसत. आम्ही समजायचो, अभ्यासू माणसाचा छंद आहे.

निवृत्तीनंतर ते कामठ्याला परतले. शेतात विहिरीचे काम निघाले तेव्हा एक लांबट काळा दगड वर आला होता. तो त्यांनी रस्त्याकडेच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली उभा केला. त्यावर पांढऱ्या रंगाने वहीतली बारा नावे लिहिली आणि सगळ्यात वर तीन शब्द: 'यांनी दार उघडले'. मी म्हटले, गुरुजी, चांगला कारागीर आणून कोरून घेऊ. त्यांनी ऐकले नाही. "कोरलेलं कोणी वाचत नाही. रंग पावसानं जातो. दरसाल लिहावं लागलं म्हणजे लिहिणारा तरी वाचतो." पाऊसकाळ सरला की शाळेची मुले बांधावर जमतात आणि ज्याच्या वाट्याला जे नाव आले त्याची हकीकत ऐकून मग ते लिहितात. आजही ही रीत चालू आहे. त्या रस्त्याने जाणाऱ्या मुलांना ती बारा परकी नावे मामाच्या नावासारखी पाठ आहेत.

पण आपल्या मुलुखात झाडाखाली दगड उभा करून तो नुसता दगड राहील अशी आशा धरणे म्हणजे भोळेपणा झाला. पंधरा दिवसांत दगडाला शेंदूर लागला. मग नारळ फुटू लागले. एका बाईने मुलाचा ताप उतरला म्हणून झेंडाही रोवला. गुरुजी सकाळी रॉकेल आणि घासणी घेऊन बांधावर जायचे आणि शेंदूर पुसून यायचे. दोन दिवसांनी दगड पुन्हा लाल. असे वर्षभर चालले. लोक रागावले. शेजारचे सोमाजी एकदा त्यांना आडवे आले. मी तिथेच उभा होतो.

"गुरुजी, तुमी हे काय करून राहिले? दगड उभा केला, त्याच्यावर नावं लिवली, वरतून मोहाचं झाड. मंग देव नाही त काय हाय?"

"माणसं होती सोमाजी. तुमच्या-माझ्यासारखी."

"मानसं एवढी चांगली राहतेत का?"

"राहतात. तेच तर भेव आहे." गुरुजी घासता घासता थांबले. "देव म्हटलं की आपली सुटका झाली. देवानं केलं ते आपल्याच्यानं कसं होईल, म्हणायचं अन् घरी जाऊन झोपायचं. माणसानं केलं म्हटलं, तर आपण काऊन नाही केलं, हे कोणीतरी विचारणारच."

सोमाजी निघून गेले. पण त्यानंतर त्यांच्या घरचा शेंदूर दगडाला लागला नाही. बाकीच्यांचा अजून अधूनमधून लागतो आणि पंचाहत्तराव्या वर्षीही गुरुजी रॉकेलची बाटली घेऊन बांधावर जातात.

गुरुजींच्या घराबद्दल लिहिले पाहिजे, कारण दहावीचे वर्ष मी त्याच घरात काढले. आमच्या गावाहून केशोरीला यायची वाट पावसाळ्यात बंद व्हायची, म्हणून गुरुजींनी माझ्या वडिलांना निरोप धाडला, पोराला इकडे पाठवा. त्या घराच्या बाहेरच्या दाराला कडी नव्हती. आतून नाही, बाहेरून नाही. कामठ्याच्या घरालाही नाही. कुत्री येत, वासरे येत. एकदा शेजारची बकरी येऊन त्या जाड वहीची चार पाने खाऊन गेली. गुरुजींनी ती चार पाने आठवून पुन्हा लिहून काढली, पण कडी बसवली नाही. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, करवादायच्या, "जगाचे लोक चोराले भेतेत अन् याइले कडीचं भेव." आम्ही हसायचो. काकूंनाही तेव्हा काही माहीत नव्हते.

टाळेबंदीच्या उन्हाळ्यातली गोष्ट तर तालुक्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. बालाघाटकडे पायी निघालेले एक मजूर जोडपे, कडेवर तान्हे मूल, गावाबाहेरच्या झाडाखाली बसले होते. रोगाच्या धास्तीने त्यांना गावात कोणी येऊ देत नव्हते. गुरुजींनी त्यांना घरी आणले आणि आठ दिवस ठेवून घेतले. गाव गुरुजींशी महिनाभर बोलले नाही, दूधवाल्याने दूध बंद केले. काकूंनी त्या बाळाला भाताच्या पेजेवर सांभाळले.

पहिल्या लेखात मी हे सगळे लिहिले होते, आणि अशा लेखात असतात ते शब्दही मुबलक पेरले होते. निर्भय, धैर्यवान, दीपस्तंभ. लेख घेऊन कामठ्याला गेलो. गुरुजींनी ओसरीवर बसून चष्मा लावला आणि जुन्या सवयीने लाल पेन हातात घेतला. 'निर्भय'वर काट मारली. 'दीपस्तंभ'वर मारली. टाळेबंदीच्या गोष्टीपाशी 'धैर्य' हा शब्द होता, त्याच्यावर पेन थांबला.

"तेव्हा मी सत्तरीचा होतो. सत्तरीच्या म्हाताऱ्याला कशाचं धैर्य लागते? बाविसाव्या वर्षी लागत होतं." मग कागदाच्या तळाशी त्यांनी लिहिले, 'अपूर्ण', आणि तो माझ्याकडे सरकवला. "हा शेंदूर आहे बाबू. बस. उरलेलं सांगतो."

त्या दुपारी गुरुजींनी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देतो.

"पहिली नोकरी होती. जंगलाकडचं लहान गाव. गावाचं नाव लिहू नको, आता तिथले लोक भले आहेत. माझी खोली शाळेला लागूनच. त्या गावात एका हप्त्यात दोन लेकरं तापानं गेली. गावाच्या टोकाला सगुणाबाई नावाची एक विधवा राहायची. लोकांनी ठरवून टाकलं, हीच जादूटोणा करते. मी खोलीत रेडिओ ऐकून राहिलो होतो. भर दुपार. लांबून गलका ऐकू आला, मग दार वाजलं. 'मास्तर, दार उघडा.' तिला वाटलं असेल, मास्तर सरकारी माणूस, शिकलेला, याच्या दारात कोणी हात उचलणार नाही. अन् खरंच उचलला नसता. मी बाहेर येऊन उभा राहिलो असतो तरी पुरे होतं. मी काय केलं? रेडिओ बंद केला. दाराजवळ गेलो, कडीवर हात ठेवला, अन् तसाच उभा राहिलो. तिनं तीनदा हाक मारली. मंग तो सगळा आवाज पुढं निघून गेला."

मी विचारले, "त्या वाचल्या का?"

"वाचली. हात मोडला तिचा. गावाबाहेर काढून दिलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत हजेरी घेतली. तिची पोरगी इंदू माझ्याच वर्गात होती. मी नाव पुकारलं. कोणी हजर म्हटलं नाही. मी गैरहजर लिहिलं अन् पुढलं नाव पुकारलं."

काकू आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्या कप हातात धरून उंबऱ्यातच थांबल्या. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

"पन्नास वर्षं एकाच गोष्टीनं मनाची समजूत घालत आलो," ते म्हणाले. "तिला वाटलं असेल, खोलीत कोणी नाही, मास्तर बाहेर गेला. रेडिओ मी लगेच बंद केला होता."

नववीच्या वर्गातली ती चीड माझ्यावर नव्हती, हे मला त्या ओसरीवर समजले. बांधावरचा तो दगड कोणासाठी उभा आहे तेही समजले. त्याच्यावर ज्यांनी दार उघडले त्यांची नावे आहेत. ज्याने उघडले नाही तो माणूस रोज सकाळी घासणी घेऊन त्यांच्यासमोर उभा राहतो.

एका बाईचे नाव छापायचे तर तिच्या माणसांना विचारले पाहिजे, म्हणून मी इंदूबाईंचा शोध घेतला. त्या सापडल्या सडक अर्जुनीला. हायवेवर त्यांची चहा-नाश्त्याची टपरी आहे. साठी उलटलेल्या, मुद्रा करारी. सगुणाबाई काही वर्षांपूर्वीच गेल्या. मी बाकावर बसून आख्खा मजकूर वाचून दाखवला. ट्रकवाले "अम्मा, दो कटिंग" म्हणून ओरडत होते आणि इंदूबाई ऐकता ऐकता चहा गाळत होत्या. रेडिओच्या ठिकाणी त्यांचा हात थांबला.

"मायले मालूम होतं," त्या म्हणाल्या.

"काय मालूम होतं?"

"मास्तर अंदर हाय म्हणून. माय सांगे, बाहेर रेडिओचा आवाज येऊन राहिला होता. मी दार वाजवलं त बंद झाला."

 मी विचारले, "सगुणाबाई गुरुजींना शिव्या द्यायच्या का?"

"नाही जी. माय म्हणे, पोरगंच होतं थे. भेलं." त्यांनी गाळणी आपटून चहापत्ती टाकली. "मी देत होती. माही शाळा थेच दिवशी सुटली."

छापायला परवानगी त्यांनी लगेच दिली. "लिवा. मायचं नाव आजलोक चांगल्या कागदावर कोणी लिवलं नाही." सत्काराला यावे, अशी विनंती मी केली. त्यांनी मान हलवली. "नाही येत. थे गोष्ट नोका करू."

आता खरे सांगायचे ते असे. इंदूबाईंकडून परतल्यावर मी दोनदा कामठ्याला गेलो. रेडिओची गोष्ट गुरुजींना समक्ष सांगायची ठरवून गेलो. दाराला कडी नव्हतीच, सरळ ओसरीवर जाऊन बसलो. धानाच्या गोष्टी झाल्या, काकूंच्या गुडघ्यांची चौकशी झाली. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. पन्नास वर्षे जपलेला त्यांचा तेवढा एक आडोसा होता, आणि तो काढून घेण्याची माझी छाती झाली नाही. कोणाच्या बापाला न भिणारा नववीतला मुलगा तो मीच. गुरुजींनी मला 'बस खाली' म्हटले होते ते किती बरोबर होते, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळले. म्हणून जे तोंडाने सांगता आले नाही ते इथे लिहितो. गुरुजी, तुम्ही 'अपूर्ण' लिहून कागद परत केला होता. आता माझ्याकडे लपवलेले काही उरलेले नाही. राग आला तर घरी येऊन रागवा, मी ऐकून घेईन.

गौरवग्रंथाच्या शेवटी दीर्घायुष्य आणि आरोग्य चिंतायची पद्धत आहे. गुरुजींना आम्हा सर्व विद्यार्थ्यांकडून ते मनापासून चिंतितो. पण माझ्याहून खरी शुभेच्छा इंदूबाईंनी दिली आहे आणि ती पोहोचवायचे काम माझ्याकडे आहे. मी टपरीवरून निघालो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"किती वर्साचे झाले म्हणता मास्तर?"

"पंचाहत्तर."

त्यांनी हातातली गाळणी ठेवली. मग म्हणाल्या, "त्याइले म्हणा, तब्येत सांभाळा. इतक्यात मरू नोका. माह्या मायची हाक आयकनारा तेवढा एकच मानूस राहिला हाय."